बारा किलोचे चारशे किलो
जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक सुधारताना

मामाने बुलेटची किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा एकच ताकीद दिली होती. "पुढचा ब्रेक मारायचा नाही. गाडी पालथी होते." १९८४ सालची साडेतीनशे सीसीची गाडी, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. मामाने ती तीस वर्षं निव्वळ मागच्या ब्रेकवर चालवली. पुढच्या ब्रेकची लिव्हर होती, केबल होती, पण चार बोटांनी आवळली तरी ती मुठीला जाऊन टेकायची आणि गाडी आपल्याच तंद्रीत पुढे जात राहायची.

यात एक कोडं आहे. पुढचा ब्रेक इतका जोरकस असतो की गाडी पालथी होते, असं एकीकडे म्हणायचं. दुसरीकडे तोच ब्रेक दाबून काहीच होत नाही, हे रोज अनुभवायचं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? हे कोडं सोडवायला बोटांपासून निघून टायर जिथे डांबराला टेकतो तिथपर्यंत जावं लागतं. जुन्या गाडीचा ब्रेक सुधारायचा म्हणजे या वाटेवरचा एकेक टप्पा समजून घ्यायचा. माझं मत आधीच सांगतो: बहुतेक लोक या वाटेच्या चुकीच्या टोकावर पैसे घालतात.

वजन पुढे धावतं

एसटी बसने करकचून ब्रेक मारला की उभे असलेले सगळे प्रवासी ड्रायव्हरच्या दिशेने झुकतात. मोटारसायकलवर तेच होतं, फक्त झुकणारं वजन चाकांवर मोजता येतं. बुलेट आणि एक माणूस मिळून २४० किलो धरा. गाडी सरळ चालत असताना साधारण ११० किलो पुढच्या चाकावर असतं आणि उरलेलं १३० मागच्यावर. बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला की आणखी सत्तरेक किलो पुढे सरकतं. आता पुढे १८० आणि मागे जेमतेम ६०.

टायरची पकड त्याच्यावर पडणाऱ्या भारावर ठरते. रिकामी हातगाडी हलक्या धक्क्यानेही घसरते, पोत्यांनी भरलेली जागची हलत नाही. म्हणजे गाडी थांबवण्याची तीन चतुर्थांश क्षमता पुढच्या चाकापाशी असते आणि मागचं चाक त्या क्षणी जवळजवळ तरंगत असतं. मागचा ब्रेक जोरात मारला की चाक लॉक होऊन गाडीची शेपटी डावी-उजवीकडे फिरते, ती यामुळेच.

मामाची भीतीही निराधार नव्हती. वाळूवर, शेणावर किंवा वळणात पुढचा ब्रेक झटक्याने आवळला तर पुढचं चाक घसरतं आणि मग सावरायला वेळ मिळत नाही. धोका झटक्यात आहे. वजन पुढे यायला अर्धा क्षण लागतो, तेवढा वेळ दिला तर पुढच्या चाकाइतका भरवशाचा सोबती नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. ब्रेक चांगले असतील तर तिथून थांबायला साधारण २० मीटर लागतात, मरगळलेले असतील तर ३५. मधले पंधरा मीटर म्हणजे एसटी बसच्या लांबीहून जास्त अंतर.

कटिंग चहाचं आधण

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, त्याची उष्णता करतो. ६० च्या वेगात धावणाऱ्या या २४० किलोंमध्ये साधारण ३३ किलोज्यूल ऊर्जा असते. खोलीच्या तापमानाचं १०० मिलिलिटर पाणी उकळीला आणायला एवढीच लागते. म्हणजे प्रत्येक वेळी ६० वरून शून्यावर येताना ब्रेकच्या आत एका कटिंग चहाचं आधण उकळण्याइतकी उष्णता तयार होते. ८० वरून थांबलात तर त्याच्या पावणेदोन पट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

सपाट रस्त्यावर ही उष्णता दोन ब्रेकच्या मधल्या वेळात हवेत विरून जाते. घाटात तशी उसंत मिळत नाही. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना पाचशे मीटरहून जास्त खाली येतो आपण. तेवढ्या उतारात आपली २४० किलोंची गाडी जी ऊर्जा सोडते ती ६० वरून पस्तीस वेळा थांबण्याइतकी असते. काही भाग हवा खाते, काही इंजिन, पण बाकीचा सगळा त्या बंद डब्यात. डबा म्हणजे ड्रम. तापला की त्याचा व्यास किंचित वाढतो आणि आतल्या लायनरपासून, म्हणजे घासणाऱ्या अस्तरापासून, तो लांब जातो, त्यामुळे लिव्हर जास्त आत येऊ लागते. लायनरचं घर्षणही तापल्यावर घटतं. हीच ती 'ब्रेक मेले' म्हणण्याची अवस्था. म्हणून घाटात बुलेट खालच्या गिअरवर सोडून इंजिनाला काम करू द्यावं. टू-स्ट्रोक गाड्यांना इंजिनचा हा आधार फारच थोडा मिळतो, त्यामुळे राजदूत किंवा आरएक्सवाल्यांनी घाटात दुप्पट जपावं.

बोटांपासून लायनरपर्यंत

आता आपल्या कोड्याचा हिशेब मांडू. चांगलं थांबायचं तर रस्त्याने पुढच्या टायरला साधारण ११० किलोचा जोर मागे लावायला हवा. बुलेटच्या पुढच्या टायरची त्रिज्या सुमारे ३२ सेंटिमीटर. ड्रम सात इंची, म्हणजे त्याची त्रिज्या ९ सेंटिमीटरही नाही. लांब काठीच्या टोकाला टांगलेलं ओझं मुठीजवळ धरून तोलायचं म्हटलं तर हाताला किती जड जातं? तसंच इथे. टायरपाशी ११० किलो हवे असतील तर ड्रमच्या आतल्या कडेला जवळजवळ ४०० किलोचं घर्षण लागतं.

आणि आपली चार बोटं न दमता आवळतात दहा-बारा किलोने.

बाराचे चारशे करायचं काम तरफा करतात. पहिली तरफ हातातली लिव्हर. बोटं तिच्या टोकाजवळ आवळतात आणि केबल मात्र खिळीच्या अगदी जवळ बांधलेली असते, त्यामुळे जोर साधारण चौपट होतो. ब्रेक प्लेटवर बाहेरून दिसणारी पट्टी, जिला मेकॅनिक आर्म म्हणतात, ती दुसरी तरफ. आर्म फिरला की त्याला जोडलेला कॅम फिरतो. कॅम म्हणजे दोन बाजू चपट्या केलेला लोखंडी दांडा. चपटी बाजू उभी झाली की तो ड्रमच्या आतल्या दोन अर्धगोल शूंना फाकवतो. आर्म लांब आणि कॅम आखूड, त्यामुळे इथे जोर दहा-बारा पट होतो. मग शूवर चिकटवलेला किंवा रिबिटांनी बसवलेला लायनर ड्रमला घासतो.

कागदावर हा गुणाकार भरपूर दिसतो. पण तरफ जोर देते तेव्हा अंतर मागते. बोटं पाच सेंटिमीटर आत आली तर लायनर मिलिमीटरभर सरकतो. त्या मिलिमीटरमधला थोडासा भाग जरी केबल ताणण्यात किंवा कव्हर दबण्यात गेला, तर लिव्हर मुठीला टेकते आणि चारशे किलो काही तयार होत नाहीत. मामाच्या गाडीचं दुखणं हेच होतं. ब्रेक अशक्त नव्हता, त्याच्यापर्यंत हाताचा जोर पोहोचतच नव्हता.

खडू आणि फळा

ड्रम ब्रेकमधली सर्वांत सुंदर गोष्ट आता येते. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू मागे ओढत नेला तर तो गुमान सरकतो. तोच खडू तिरका धरून पुढे ढकलला तर किरकिरतो, अडकतो, कधी मोडतोही. ढकलताना फळ्याचं घर्षण खडूला फळ्यातच आणखी रुतवतं.

ड्रमच्या आतले दोन शू असेच. प्रत्येक शूचं एक टोक खिळीवर अडकवलेलं आणि दुसरं कॅमपाशी. फिरणारा ड्रम ज्या शूला कॅमच्या टोकाकडून खिळीकडे घासत जातो, तो ढकललेल्या खडूसारखा ड्रममध्ये रुततो. त्याला लीडिंग शू म्हणतात. समोरच्या शूला ड्रम उलट्या बाजूने घासतो आणि कॅमकडे परत लोटतो. तो ट्रेलिंग शू, ओढलेला खडू. म्हणजे एका कॅमच्या साध्या ड्रममध्ये एक शू फुकटची मदत मिळवतो आणि दुसरा अर्धवट काम करतो.

लीडिंग शू ट्रेलिंगच्या अडीच पट काम करतो असं धरलं, तर साध्या ड्रमची बेरीज साडेतीन येते. दोन्ही शूंना स्वतंत्र कॅम देऊन दोघांनाही लीडिंग केलं तर बेरीज पाच. तोच हात, तोच व्यास, आणि जोर जवळजवळ दीडपट. इंग्लंडमध्ये ट्रायम्फने १९६८ साली आपल्या मोठ्या गाड्यांना असा आठ इंची ड्रम बसवला. नंतरच्या बुलेटलाही १७८ मिलिमीटरचा, म्हणजे सात इंची, दोन लीडिंग शूंचा ड्रम आला. त्याआधी व्हिन्सेंटच्या अभियंत्यांनी वेगळीच वाट काढली होती: पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक सात इंची ड्रम, आणि दोघांना सारखा जोर मिळावा म्हणून मध्ये तराजूसारखी दांडी. ते हब पाहिलं की कमी साधनांत किती विचार करता येतो ते कळतं.

आधी आहे तो ब्रेक नीट करा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. मामाच्या गाडीवर मी नवीन प्लेट किंवा डिस्क बघण्याआधी जुनाच ड्रम पूर्ण उघडला.

पहिली केबल. जुनी केबल काढून टेबलावर ठेवली आणि एक टोक धरून दुसरं ओढलं, तर कव्हर अळीसारखं आखडत होतं. आतल्या तारेचे दोन-तीन पीळ तुटलेले. जाड, आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली केबल घेतली आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कुठे आवळत नाही ना ते पाहत, मोठ्या वळणाने बसवली. निव्वळ एवढ्यानेच लिव्हर मुठीपासून दोन बोटं दूर थांबायला लागली.

मग आर्मचा कोन. पाना नटाला काटकोनात धरून ओढला तर जोर पूर्ण लागतो, तिरका ओढला तर अर्धा वाया जातो. ब्रेक पूर्ण आवळलेला असताना केबल आणि आर्म यांच्यात काटकोन हवा. लायनर झिजला की आपण ॲडजस्टर फिरवत राहतो आणि आर्म काटकोनाच्या पलीकडे निघून जातो. ॲडजस्टर संपत आला म्हणजे लायनर बदलायची वेळ कधीच झालेली असते.

ड्रम उघडताना एक काळजी घ्याच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची गॅरेजमध्ये सवय असते, ती फुप्फुसांसाठी घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका आणि तोंडाला मास्क लावा.

नवीन लायनर आणला की काम झालं, असं वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. तीस वर्षं झिजलेल्या ड्रमचा व्यास वाढलेला असतो आणि नवीन लायनरची गोलाई मूळ व्यासाची. मोठ्या कढईत लहान कढई ठेवल्यासारखं होतं, मधोमध टेकते आणि कडा अधांतरी. लायनरवर खडू फासा, चाक बसवा, हलका ब्रेक मारत फिरवा आणि पुन्हा उघडा. खडू जिथे पुसला गेला तेवढाच लायनर काम करतोय. माझ्या गाडीत जेमतेम एक तृतीयांश पुसला गेला होता. यावर इलाज लेथवर आहे. शू ब्रेक प्लेटवरच बसवून, कॅमखाली पातळ पत्रा घालून ते किंचित फाकवायचे आणि अख्खी प्लेट लेथवर चढवून लायनर ड्रमच्या नेमक्या मापाला तासायचा. असं काम करणारा जुना टर्नर सापडला तर त्याला जपा.

ड्रमला टर्निंग मारायचं असेल तर चाक बांधलेल्या अवस्थेत, सगळे स्पोक आवळून आणि आऊट काढूनच मारा. स्पोकांचा ताण हबला बाहेर ओढतो आणि ड्रम किंचित अंडाकृती होतो. सुटा ड्रम लेथवर अगदी गोल केला आणि मग स्पोक आवळले, तर केलेलं काम वाया जातं. ड्रमवर कमाल व्यास लिहिलेला असेल तर तो ओलांडू नका. लायनरची पुढची धार कानशीने थोडी उतरवून घ्या, नाहीतर ती ड्रममध्ये कचकन रुतते.

शेवटची गोष्ट दोन मिनिटांची आहे, आणि तिच्यासाठी एक पैसाही लागत नाही. चाक बसवताना एक्सलचा नट ढिला ठेवा, ब्रेक पूर्ण ताकदीने आवळून धरा आणि तसाच धरून नट घट्ट करा. आवळलेले शू प्लेटला आपोआप ड्रमच्या मधोमध आणतात. हे न केल्याने चांगले चांगले ब्रेक स्पंजासारखे लागतात.

चौकट: लिव्हर काय सांगते?
लिव्हर मुठीला टेकते: लायनर झिजलेत, ड्रमचा व्यास वाढलाय किंवा केबल ताणली गेलीय.
स्पंजासारखी मऊ लागते: ड्रममध्ये लायनर अर्धवट टेकतोय किंवा प्लेट मधोमध नाही. डिस्कमध्ये नळीत हवा अडकलीय.
हाताला धडधड जाणवते: ड्रम अंडाकृती झालाय. डिस्क असेल तर ती वाकलीय किंवा जाडीला कमी-जास्त झालीय.
दगडासारखी कडक, पण गाडी थांबत नाही: लायनर काचेसारखा गुळगुळीत झालाय किंवा त्याला ग्रीस लागलंय. डिस्कमध्ये मास्टर सिलिंडर मापापेक्षा मोठा बसवलाय.
सोडल्यावर परत येत नाही: केबल सुकलीय किंवा कॅम गंजून जाम झालाय.

दोन कॅमची प्लेट

एवढं करूनही कमी पडलं तर दोन लीडिंग शूंचा संच ही मला सर्वांत समंजस सुधारणा वाटते. गाडीचं रूप फारसं बदलत नाही आणि केबलच राहते. नंतरच्या बुलेटचं हब, प्लेट आणि शू यांचा पूर्ण संच घेतला तर कामात कमी अडचणी येतात. मात्र आपल्या फोर्कला आणि एक्सलला तो बसतो का, हे मोजूनच पैसे द्या.

यात दोन कॅम एका सळईने जोडलेले असतात आणि सगळी करामत त्या सळईच्या लांबीत आहे. एक शू आधी टेकला आणि दुसरा मागे राहिला, तर दुसऱ्या कॅमचे पैसे फुकट जातात. सळई सोडून आधी एका हाताने एक कॅम शू टेकेपर्यंत फिरवायचा, मग दुसरा, आणि त्या स्थितीत सळईची लांबी जुळवून नट कसायचा. बैलगाडीचं जू एका बाजूला झुकलं तर एकच बैल ओढतो, तसंच हे.

प्लेटचा आधारही तपासा. ड्रमला मागे खेचणारी सगळी ताकद शेवटी ब्रेक प्लेट फोर्कला जिथे अडते त्या खाचेवर येते. ती खाच पसरलेली असेल किंवा पट्टीचा बोल्ट ढिला असेल आणि प्लेट सुटली, तर ती चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागच्या जागी लॉक होतं. ब्रेक जितका जोरकस, तितका हा आधार भक्कम हवा.

या ब्रेकचा एक स्वभाव मला खंबाटकी घाटात कळला. चढावर ट्रॅफिक थांबलं, मी पुढचा ब्रेक दाबून पाय टेकला आणि गाडी हळूहळू मागे सरकू लागली. बोटं आवळलेलीच होती. चाक उलटं फिरू लागलं की दोन्ही लीडिंग शू ट्रेलिंग होतात, दोन्ही खडू ओढलेले. मागच्या चाकात साधा, एक लीडिंग आणि एक ट्रेलिंग असा ड्रमच का ठेवतात, याचं एक कारण इथे सापडतं. तो दोन्ही दिशांना सारखाच धरतो. चढावर थांबलात तर मागच्या ब्रेकवर पाय ठेवा.

डिस्क: दोन सिरिंजचा खेळ

इटलीतल्या इनोसेंटी कंपनीने १९६२ मध्ये लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ या स्कूटरला पुढे डिस्क ब्रेक दिला, पण तो केबलवर चालणारा होता. तेलावर चालणारी डिस्क मोठ्या संख्येने रस्त्यावर आणली १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने. जपानी यामाहा आरडी ३५० ला १९७३ पासून पुढे डिस्क होती. तिच्यावरून भारतात एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये राजदूत ३५० काढली, तेव्हा मात्र पुढे दोन लीडिंग शूंचा ड्रम आला. त्या गाडीचे चाहते आजही तिला डिस्क लावण्यासाठी धडपडतात, ते यामुळे.

तेलाचा ब्रेक समजून घ्यायला इंजेक्शनच्या दोन सिरिंज पाण्याने भरून नळीने जोडा. बारीक सिरिंजचा दट्ट्या दाबला की जाड सिरिंजचा दट्ट्या थोडाच सरकतो, पण मोठ्या जोराने. बंद द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो हे पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलंय. हँडलवरचा मास्टर सिलिंडर म्हणजे बारीक सिरिंज आणि चाकापाशी पॅड दाबणारा कॅलिपर म्हणजे जाड. समजा मास्टर १४ मिलिमीटरचा आणि कॅलिपरमध्ये २८ मिलिमीटरचे दोन दट्टे आहेत. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, आणि दट्टे दोन, म्हणून जोर आठपट. इथे मास्टर कुठल्याही गाडीचा उचलून लावला की घोटाळा होतो. मोठा लावला तर लिव्हर दगडासारखी कडक होते. लोकांना तो भक्कम ब्रेक वाटतो, प्रत्यक्षात जोर घटलेला असतो. फार लहान लावला तर लिव्हर मुठीला जाते. ज्या कॅलिपरबरोबर कंपनीने जो मास्टर दिला, तीच जोडी घ्या.

डिस्कमध्ये खडू-फळ्याची फुकटची मदत नाही. जेवढं दाबाल तेवढंच मिळतं. ऐकायला हा तोटा वाटतो, पण त्यामुळेच हाताला नेमका अंदाज येतो. दुसरं म्हणजे बुलेटच्या २८० मिलिमीटरच्या डिस्कवर पॅड मध्यापासून साधारण १२ सेंटिमीटरवर घासतो, ड्रमच्या ९ सेंटिमीटरपेक्षा दूर. त्यामुळे आपल्या चारशे किलोंच्या जागी तीनशेच्या आतलं घर्षण पुरतं. आणि डिस्क तापून फुगते ती पॅडच्या दिशेने, शिवाय उघड्या हवेत असल्याने पटकन निवते. घाटात खरा फरक जाणवतो तो इथे.

पण जुन्या बुलेटच्या फोर्कला कॅलिपर अडकवायला जागाच नाही. म्हणून फोर्कच्या खालच्या नळ्या, एक्सल, हब, स्पीडोमीटरचा गिअर असा पुढचा अख्खा संच बदलावा लागतो. रिम नव्या हबवर अशी बांधावी लागते की पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत राहील. हे टाळायला काही जण ॲल्युमिनियमच्या नळीवर पट्टी वेल्ड करून कॅलिपर टांगतात. कृपया हे करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियमचा तो भाग कमजोर होतो आणि नेमका त्याच जागी प्रत्येक ब्रेकला शेकडो किलोंचा हिसका बसतो.

ब्रेक ऑइलबद्दल एवढंच, की ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवीन तेल २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपास. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि लिव्हर रिकामी जाते. दर दोन वर्षांनी बदला. टाकीवर सांडू देऊ नका, रंग उडवतं.

टायर, आणि कागद

बाराचे चारशे झाले, तरी ते रस्त्यापर्यंत नेणार टायर. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत असते आणि आपण फसतो. रबर वर्षानुवर्षं उभं राहून कडक होतं. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का शोधा. २३१४ असेल तर २०१४ सालातल्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नखाने दाबून बघा, दबत नसेल तर नक्षी कितीही खोल असो, तो बदला. माझ्या गाडीवर पुढे ३.२५-१९ चा नवीन टायर बसला तेव्हा ब्रेकच नवीन बसवल्यासारखा वाटला.

कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ स्वरूपापेक्षा केलेल्या बदलांविषयी आहे, तेव्हा डिस्कसाठी फोर्क बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्या. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांखाली तिची व्हिंटेज म्हणून नोंद करायची असेल, तर ती मूळ रूपात असणं ही अट आहे. अशा गाडीला डिस्क लावणं मला स्वतःला पटतच नाही. तिचा ड्रम लेथवर नेऊन मापात आणावा. निदान काढलेला प्रत्येक जुना भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, नाव लिहून जपून ठेवावा.

रुळवणं

नवीन लायनर पहिल्या दिवशी पूर्ण धरत नाहीत. एखाद्या रविवारी पहाटे मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर जा. ४० च्या वेगावरून हलक्या हाताने २० वर आणा, मग किलोमीटरभर ब्रेक न लावता चालवा म्हणजे ड्रम निवेल. पुन्हा तसंच. वीस-पंचवीस वेळा. हळूहळू वेग आणि जोर वाढवा, पण गाडी पूर्ण थांबवून तापलेला ब्रेक आवळून धरू नका. घरी येऊन ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. दोन-अडीचशे किलोमीटरनंतर पुन्हा उघडून खडूची परीक्षा घ्या.

माझ्या दुसऱ्या परीक्षेत खडू जवळजवळ सगळा पुसला गेला होता. त्या संध्याकाळी मामाला चक्कर मारायला दिली. कोपऱ्यावर जाऊन तो परत आला, फाटकापाशी नेहमीच्या सवयीने डावा पाय दाबला, मग जरा थांबून उजव्या हाताची दोन बोटं लिव्हरवर ठेवली. पुढचा फोर्क हळूच खाली बसला आणि गाडी थांबली. मामाने लिव्हर सोडली, पुन्हा दाबली, आणि विचारलं, "केबल कुठली टाकलीस?"